मठ्ठ्याचा स्कोल

"तिला सांग, उजव्या गालाला हळद जास्त लागलीय," नाना काकूला म्हणाले.

मी नानांपासून हातभर अंतरावर पाटावर बसले होते. त्यांच्या धोतराला हळद लागू नये म्हणून उलट मीच जरा सरकून घेतलं होतं. तरीही काकूने माझ्याकडे वळून रीतसर निरोप पोचवला, "वैजू, उजव्या गालाला हळद जास्त झालीय म्हणतात."

"त्यांना सांग, डाव्या गालाला अजून लागायचीय," मी म्हटलं.

काकू परत तिकडे वळली. चार महिने आमच्या घरात ही टपालसेवा चालू होती आणि काकू तिची एकुलती एक पोस्टमन होती. बिचारी थकली होती.

नाना माझे थोरले काका. आईवडील मी लहान असतानाच गेले, त्यानंतर नाना-काकूंनीच मला वाढवलं. त्यांना मूल नव्हतं, त्यामुळे लाड आणि धाक हे दोन्ही माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. नाना मिरज जंक्शनवरून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे नोकरीतून. घरात ते अजून ड्यूटीवरच होते. जेवणाची वेळ चुकली तर "गाडी लेट का?" असं विचारायचे आणि कारण लागायचं.

दुग्धतंत्रज्ञान शिकायला मला डेन्मार्कला त्यांनीच पाठवलं होतं. तिथे मला एस्बेन भेटला. एका संध्याकाळी मी फोन केला आणि आम्ही लग्न करतोय असं सांगून टाकलं. मग नाना म्हणाले, "तू विचारलं नाहीस. कळवलंस." आणि फोन काकूकडे दिला. त्यानंतर, मी घरी परतल्यावरही, त्यांचं एकही वाक्य थेट माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

एस्बेन परका, गोरा, मांसाहारी, यातल्या कशाबद्दलही त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्या एका क्रियापदाबद्दल. त्याच आठवड्यात नानांचे धाकटे भाऊ दत्ताकाका आणि शेजारपाजारची मंडळी ओसरीवर बसलेली असताना नानांनी जाहीर केलं, "लग्न मी लावून देईन. कन्यादान मीच करीन, ते माझं काम आहे. पण त्या लग्नात मी जेवणार नाही."

दुसऱ्या कुणाच्या घरी असं कुणी बोललं असतं तर चार दिवसांनी सगळे विसरले असते. पण नानांची ख्याती वेगळी होती. काकूचा भाऊ एकदा सहज म्हणाला होता, "स्टेशनमास्तरांचं काय, चहा प्यायचा आणि झेंडी दाखवायची." त्या दिवसापासून नानांनी चहा सोडला. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. एका न्हाव्याने पाडव्याला वाट बघायला लावली म्हणून त्याच्याकडे जाणं सोडलं, आणि तो न्हावी वारल्यावरही त्या दुकानावरून जाताना ते मान वळवायचे. नानांनी सोडलेली वस्तू पुन्हा नानांकडे आली असं आमच्या घराण्यात कुणाला आठवत नव्हतं.

मला शालू मिळाला होता, एस्बेन मिळाला होता, काकूने पाटल्या केल्या होत्या. मला फक्त एक हवं होतं. नाना माझ्या लग्नात चार घास जेवायला हवे होते. ते जेवले नाहीत तर त्या घरातून मी निघेन ती नुसती निघून गेलेली असेन, त्यांनी पाठवलेली नसेन, असं मला वाटत होतं. ते आठवलं की रडू यायचं, आणि रडू आलं की मी काकूमार्फत टोमणा पाठवायची.

हळदीच्या त्या दिवशी माझे होणारे सासरे उष्टी हळद घेऊन आमच्या घरी आले होते. प्रेबेन त्यांचं नाव. उंच इतके की आमच्या दारातून वाकून आत येताना नमस्कार आपोआपच झाला. आयुष्यभर फेरीबोटीवर कप्तान होते. बरोबर एस्बेनची स्वीडिश काकू होती, गुनिला, तिला प्रत्येक गोष्टीतली खरी पद्धत माहीत असायची. काकूने सगळ्यांना पन्हं दिलं. प्रेबेननी पेला छातीपर्यंत उचलला, अंगणातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत नीट पाहिलं, "स्कोल" म्हणाले, प्यायले, आणि पुन्हा एकदा सगळ्यांच्या डोळ्यांत पाहिलं. नानांकडे तर इतकं रोखून पाहिलं की नानांनी चटकन धोतराचा सोगा चाचपला.

"कॅप्टन," नाना इंग्रजीत म्हणाले, "हा काय मंत्र?"

नाना इंग्रजी बोलायचे ते रेल्वेच्या नियमावलीतलं, एकही शब्द न गाळता. प्रेबेनचं इंग्रजी बोटीवरचं होतं, जमेल तेवढंच सामान घेऊन निघालेलं. पण दोघांचं जमलं.

"स्कोल म्हणजे वाडगा," प्रेबेन म्हणाले. "आमच्याकडे, स्वीडनमध्ये, नॉर्वेत, तिन्हीकडे एकच शब्द. पिताना म्हणायचा. आम्ही डॅनिश लोक हसत म्हणतो, नॉर्वेवाले ओरडून म्हणतात आणि स्वीडिश लोक आधी नियम वाचून मग म्हणतात."

"स्वीडनमध्ये यजमानाने पेला उचलल्याशिवाय पाहुणे हात लावत नाहीत," गुनिला म्हणाली. "खरी पद्धत तीच. आणि तो शब्द कवटीवरून आलाय. पूर्वी शत्रूच्या कवटीतून पीत."

"पर्यटकांना सांगायच्या गोष्टी," प्रेबेन म्हणाले. "कवटीबिवटी काही नाही. लाकडी वाडगा. त्याच्याही आधी म्हणे शिंपल्यासारखं कवच. तेच भांडं, त्यातूनच प्यायचं."

नाना खुर्चीत पुढे सरकले. शब्द कुठून आला हा नानांचा जीव की प्राण. जगातला कुठलाही शब्द ते दहा मिनिटांत संस्कृतपर्यंत नेऊन पोचवत. वाटेत कितीही स्टेशनं लागोत, त्यांची गाडी थांबत नसे.

"कपाल," नाना म्हणाले. "आमच्याकडे कपाल म्हणजे कवटी आणि कपाल म्हणजे भिक्षापात्रही. तेव्हा या बाई चूक नाहीत आणि तुम्हीही चूक नाही. आणि कवचाचं भांडं म्हणाल तर..." त्यांनी काकूला हाक मारून माजघरातून करवंटी मागवली आणि प्रेबेनच्या हातात दिली. "हा तुमचा स्कोल. तुम्ही इथूनच नेला असणार."

"कधी?" प्रेबेननी गंभीरपणे विचारलं.

"ते तुम्हाला आठवायला हवं."

दोघेही हसले. चार महिन्यांत नानांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्यासाठी नव्हतं, पण ऐकायला मिळालं.

"पण मग नजर कशाला?" नानांनी विचारलं. "वाडग्याचा आणि डोळ्यांचा संबंध काय?"

"वाडगा एकच असायचा. हातातून हातात जायचा. ज्याने दिला त्याच्याकडे बघायचं, ज्याला देणार त्याच्याकडे बघायचं. न बघता पिणं हे न पिण्यापेक्षा वाईट."

"आणि त्या माणसाशी भांडण असेल तर?"

प्रेबेननी करवंटी खाली ठेवली. "मग जरा अवघड," ते म्हणाले.

नानांनी विषयच बदलला. त्यांनी बोटीबद्दल विचारलं, आणि प्रेबेनच्या बोटीत रुळांवरून अख्खी आगगाडी चढते हे कळल्यावर ते उठूनच उभे राहिले. अख्खी गाडी? इंजिनासकट? तिला सिग्नल कोण देतं? मग ते बराच वेळ प्रेबेनना आपलं काम समजावत बसले. स्टेशनमास्तर म्हणजे राजा वाटतो, पण स्वतःच्या मर्जीने तो एक डबासुद्धा पुढे ढकलू शकत नाही. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर द्यावी लागते. ती मिळेपर्यंत गाडीत कुणीही असो, मास्तरला ती सोडता येत नाही. मला हे सगळं पाठ होतं. मी हळदीने माखलेली तिथेच बसले होते आणि मनात म्हणत होते, आगगाडीबद्दल इतकं बोलताय, माझ्याशी एक शब्द बोला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. नानांनी कन्यादान केलं. त्यांची नजर भटजींच्या खांद्यावर होती. सप्तपदी झाली, माणसं जेवून जाऊ लागली. कन्यादान करणाऱ्याने विधी होईपर्यंत उपाशी राहायचं, तेव्हा नाना सकाळपासून उपाशीच होते. विधी झाल्यावर काकू त्यांच्याजवळ गेली. "अहो, निदान दूध तरी घ्या."

"मी बोललोय ते तुला माहीत आहे," नाना म्हणाले आणि कार्यालयाच्या दाराशी खुर्ची टाकून जाणाऱ्यांना नारळ देत बसले. तिथून पंगत दिसत होती, आणि पंगतीतूनही ते.

शेवटची पंगत घरच्यांची आणि व्याह्यांची. रांगोळ्या, समया, चांदीची ताटं. डॅनिश मंडळी पाटावर बसली ती कशीबशी, गुडघे कानाला लावून. मसालेभात आला, अळूची भाजी आली, जिलब्या आल्या. काकूने प्रत्येकाच्या वाटीत मठ्ठा ओतला. श्लोक झाला. दत्ताकाकांनी हात जोडून म्हटलं, "सावकाश होऊ द्या."

आमच्याकडची माणसं पहिला घास घेणार इतक्यात थबकली, कारण पलीकडच्या ओळीत कुणाचाच हात हलला नव्हता. प्रेबेन उठून उभे राहिले होते. त्यांच्या हातात मठ्ठ्याची वाटी होती.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," ते म्हणाले. मीच भाषांतर केलं, कारण सगळे माझ्याकडेच बघायला लागले. "यजमानांच्या घरातला सगळ्यात थोरला माणूस वाडगा उचलतो, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघतो, स्कोल म्हणून पितो. त्याशिवाय पाहुणे अन्नाला शिवत नाहीत."

दत्ताकाका पुढे झाले. "मी उचलतो की. आण ती वाटी."

"तुम्ही थोरले?" प्रेबेननी विचारलं.

दत्ताकाका आयुष्यभर धाकटे होते. त्यांना खोटं बोलता आलं नाही.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नाना एका बाईच्या हातात नारळ देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हे खरंच तुमच्याकडे असतं?" मी एस्बेनला हळूच विचारलं.

"बाबा म्हणतात तर असेल," तो म्हणाला. त्याची नजर जिलबीवर होती. "आमच्या घरी तर जो आधी येतो तो आधी पितो."

"यजमान आधी. बरोबर आहे," गुनिला समाधानाने म्हणाली. तिनेही वाटी उचलली. मग सासूबाईंनी. मग सगळ्या ओळीने. आमची वाढपी मंडळी हातात भांडी घेऊन उभी. मसालेभातावरचं तूप थिजायला लागलं. कुणीतरी खोकलं.

"त्यांना सांगा," नाना दारातूनच म्हणाले, "मी या लग्नात जेवत नाही."

मी सांगितलं. 

"मी जेवायला कुठे सांगतोय?" प्रेबेन म्हणाले. "मी वाडगा उचलायला सांगतोय. जेवण वेगळं, स्कोल वेगळा."

नानांनी नारळाची टोपली बाजूला सरकवली. त्यांच्या कपाळावरची शीर मला इथून दिसत होती. "पाहुणे ताटावर खोळंबलेत," ते कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाले. "हा काय प्रकार आहे? गाड्या आउटरला उभ्या करून ठेवतात का कुणी?" मग चपला काढून ते तरातरा आत आले. अगदी नाइलाज झालेल्या माणसासारखे. काकूने पदराआडून वाटी पुढे केली. ती भरलेलीच होती.

नानांनी वाटी उचलली. प्रेबेनकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, गुनिलाकडे, एकेकाकडे, तिकीट तपासावं तसं. आमच्या ओळीकडे वळले. दत्ताकाका, त्यांच्या मुली, एस्बेन. मग मी.

चार महिन्यांत त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं होतं, पदराकडे पाहिलं होतं, माझ्यामागच्या भिंतीकडे पाहिलं होतं. आता त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मला वाटलं होतं तिथे राग असेल. तिथे राग अजिबात नव्हता. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बाकी सगळ्यांना त्यांनी पटापट ओलांडलं होतं, इथे मात्र ते थांबले. वाढप्याच्या हातातला डाव भांड्यावर वाजला तरी ते थांबलेलेच होते.

"स्कोल," नाना म्हणाले. मठ्ठा प्यायले. आणि नियमाप्रमाणे पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आलं फार घातलंय मठ्ठ्यात," ते म्हणाले.

प्रेबेननी आपल्या शेजारचा पाट थोपटला. तो रिकामाच होता, का रिकामा होता हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. "आता वाडगा उचलणारा बसतो," ते म्हणाले, "नाहीतर पाहुणेही उभे राहतात." पाटावरून उठायचं या कल्पनेनेच सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की नाना निमूट बसले. ते टेकेपर्यंत काकूने ताट मांडलं, वरणभात वाढला, तूप सोडलं. इतकी चपळ मी तिला पूर्वी कधी पाहिली नव्हती. वाढलेलं अन्न टाकून उठणं नानांच्या हातून होणारं नव्हतं. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास घेतला.

मग मान वर न करता ते म्हणाले, "वैजू, कॅप्टनच्या ताटात मीठ वाढायचं राहिलंय. बघ जरा."

मी नवरी होते, शालूत होते, पाटावरून उठणं शोभणारं नव्हतं. तरी मी उठले आणि मीठ वाढलं.

पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट रंगवून सांगितली. डॅनिश रिवाजाने नानांना कसं कात्रीत पकडलं, शपथेतून कसं बाहेर काढलं. नानांसमोरसुद्धा सांगायची. ते "पुरे" म्हणायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. चहा त्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही.

नाना गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही प्रेबेनच्या घरी होतो. काकूही आधीच गेली होती, त्यामुळे मिरजेला जायचं कारण उरलं नव्हतं. अंगणात लांब टेबल मांडलं होतं. मुलं, नातवंडं, शेजारी, ज्याला तहान लागेल तो पेला उचलत होता, "स्कोल" म्हणत होता, शेजारच्याच्या डोळ्यांत बघत होता आणि पीत होता. प्रेबेन सगळ्यात थोरले, ते कोपऱ्यात बटाटे सोलत बसले होते. त्यांची कुणीही वाट बघितली नव्हती. इतकी वर्षं हे मी बघत होते, आणि मिरजेची ती पद्धत खास प्रसंगांची असेल असं समजत होते.

"प्रेबेन," मी म्हटलं. सासऱ्यांना नावाने हाक मारायची सवय एव्हाना झाली होती. "थोरल्या माणसाने वाडगा उचलल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हे नक्की कुठे असतं? डेन्मार्कमध्ये तर मला एकदाही दिसलं नाही."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "मिरजेला," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.

"नाना असेपर्यंत सांगायचं नाही असं ठरलं होतं," ते म्हणाले. "लग्नाच्या दिवशी सकाळी तुझे नाना आमच्या लॉजवर आले. कोट घालून, टोपी घालून. म्हणाले, कॅप्टन, मी रागात सिग्नल लाल करून बसलोय. गाडी उभी आहे आणि तो माझ्या हाताने मला हिरवा करता येत नाही. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर द्यावी लागेल. तुम्ही द्याल का? मग गुनिलाचा नियम आणि माझा वाडगा घेऊन त्यांनी ती पद्धत बनवली. कुठे उभं राहायचं, काय म्हणायचं, शेजारचा पाट कुणाला द्यायचा नाही, सगळं. जेवण वेगळं आणि स्कोल वेगळा, हे वाक्यही त्यांचंच. माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं."

"आणि काकू?"

"ती रिक्षात बसली होती. मठ्ठा कधी वाढायचा ते तिने ठरवलं."

मला हसू यायला लागलं, आणि ते हसू कुठे थांबवायचं ते कळेना. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर बसून त्यांचीच फजिती रंगवून सांगत होते, आणि ते वर्तमानपत्रामागे बसून ऐकत होते.

"निघताना त्यांनी एकच शंका विचारली," प्रेबेन म्हणाले. "समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं? मी म्हटलं, क्षणभर पुरतं. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. म्हणाले, बाकीच्यांना पुरेल. त्यातल्या एकीसाठी मला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढं सांभाळून घ्या."

त्यांनी आपला पेला उचलला, "स्कोल" म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मीही पेला उचलला, पण मान वर करून त्यांच्याकडे बघायला मला थोडा जास्त वेळ लागला.